मानाचा गाळ

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार आहेत ते चाचींचे. आई-वडिलांच्या आधी मी त्यांचं नाव घेतो, याचं आईला कधी वाईट वाटलं नाही. तीच म्हणायची, "जलम मी दिला, पर मानूस चाचीनं केला."

आमची वाडी गावापासून लांब होती आणि हायस्कूल गावात. आई चाचींच्या वाफ्यांत रोजानं खुरपायला यायची. मी सातवी पास झालो तेव्हा वडील मला गुऱ्हाळावर कामाला घालणार होते. चाची आईला म्हणाल्या, "पोराला हितं सोड. शाळा माझ्या दारातनं दिसती. दोन भाकरी जादा थापाय मला काय हुतंय?" आठवीपासून डिप्लोमा होईपर्यंत मी त्या दोन भाकरींवर जगलो. कोल्हापूरला पुढच्या पदवीसाठी नाव घालायला गेलो तेव्हा वडिलांना काउंटरवर बोलायची भीती वाटत होती. चाची पदर खोचून पुढं झाल्या आणि खिडकीतल्या कारकुनाला म्हणाल्या, "साहेब, कागद एकदाच सांगा काय काय लागत्यात ते. आमी घरला जाऊन परत येनार न्हाय." आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. ती पदवी त्या खिडकीपाशी मिळाली असं मी समजतो.

चाची रोपं करायच्या. वांगी, मिरची, टोमॅटो, फ्लॉवर. चाचा कधीच वारले होते, एकुलती मुलगी लग्न होऊन मिरजेला होती. तलावाच्या बांधाखाली सहा गुंठे जमीन, एवढंच त्यांचं सगळं. शेतकरी आपलं बी त्यांच्याकडे आणून द्यायचे आणि महिना-सव्वा महिन्यानं रोपांच्या जुड्या घेऊन जायचे. बी टाकायच्या आधी त्या वाफ्यातली मूठभर माती घ्यायच्या, दाबायच्या, नाकाशी न्यायच्या आणि मगच "हं" म्हणायच्या. त्या मातीतला खडान्‌खडा त्यांनी हातानं वेचून काढला होता. पाऊस पडून गेल्यावर मी अनवाणी त्यात उतरलो की ओरडायच्या, "भाइर हो बेटा, मातीचा दम मोडतोयस."

नोकरीला लागून मला सहा वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या कंपनीला नगरपालिकेकडून आमच्याच गावच्या तलावाचा गाळ काढायचं काम मिळालं. साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुझं गाव आहे. तूच बघ. लोक तुझं ऐकतील." मला इतका आनंद झाला की मी जेवायच्या सुट्टीत चाचींना फोन केला. त्या म्हणाल्या, "गाळ काडायला एवडं शिकायचं आसतंय व्हय?" आणि हसल्या.

शिकायचं असतं. तलावाचा गाळ म्हणजे एकच वस्तू नव्हे, हेच मी शिकलो होतो. मध्यभागी साठतो तो बारीक, काळा, पिकाला चांगला. सांडव्याकडे जाडसर, वाळू मिसळलेला. तो बांधाला उपयोगी. आणि जिथून नाला तलावात येतो, तिथं गावाची सगळी घाण थरावर थर बसलेली असते. आमच्या तलावाचा नाला रस्त्याकडून येतो आणि त्या रस्त्याला धातूंना मुलामा द्यायची तीन-चार शेडं आहेत. त्यांचं धुण्याचं पाणी रात्रंदिवस त्याच नाल्यात. म्हणून माझ्या आराखड्यात तीन ढीग होते. एक शेताला, एक बांधाला आणि तिसरा पुरायला. तिसऱ्यासाठी मी गावाबाहेर खड्डा काढून त्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरून घेतला होता. हवा भरलेल्या ट्यूबवर बसून, पाईप गाळात रोवून मी स्वतः तिन्ही जागचे नमुने काढले आणि तपासायला धाडले. नाल्याच्या बाजूला बांबू रोवून त्यांना लाल फडकी बांधली. तिथला गाळ कुठल्याच शेतात जायचा नाही, हे ट्रॅक्टरवाल्यांना समजावं म्हणून.

पण आमच्याकडे कुठलंही काम सुरू होतं ते मानानं. पूर्वी सगळं गाव पाट्या घेऊन तलाव साफ करायचं तेव्हा पहिली पाटी मानकऱ्याच्या रानात पडायची. आता पाटीच्या जागी ट्रॉली आली, मान तोच राहिला. पहिली ट्रॉली कुणाच्या रानात, यावरून दोन बैठका झाल्या. एका बाजूनं म्हणणं, देवस्थानच्या जमिनीत पडू दे. दुसऱ्या बाजूचं, मग आमच्या थोरल्यांनी तलावासाठी रान दिलं त्याचं काय? शिव्यांपर्यंत गेलं. शेवटी माझ्याच वर्गातला एक जण, आता ट्रॅक्टर भाड्यानं लावतो, तो मागून म्हणाला, "इंजिनियरला इचारा की. त्येला रान न्हाय, बांध न्हाय. त्यो कशाला भांडंल?"

लोक हसले. मीही हसलो. मला रान नाही हे खरंच होतं. पण त्या हसण्यानं मला आतून काहीतरी झालं, आणि मी उठून म्हणालो, "पहिली ट्रॉली चाचींच्या वाफ्यात."

मग एक म्हातारा म्हणाला, "बरोबर हाय. खाल्ल्या भाकरीला जागतंय पोरगं." आणि ठरलं.

तेव्हा मला वाटत होतं की हा मान मी चाचींना देतोय. खरं म्हणजे तो मी मलाच घेत होतो. माझ्या शब्दावर गावातला सगळ्यात मोठा मान एका बाईच्या सहा गुंठ्यांत जातो, हे मला बघायचं होतं, दाखवायचं होतं.

काम सुरू करायचा नारळ फुटणार होता त्या दिवशी मी सकाळी तलावावर गेलो तर लाल फडकी नव्हती. मांडव घालणाऱ्यांनी बांबू उपटून त्यांचेच मांडवाला टेकू दिले होते. मी विचारलं तर म्हणाले, "फोटोत लाल बावटं बरं दिसत न्हाईत, पावणं." मांडव होता नाल्याच्या बाजूला, कारण रस्ता तिकडून, पाहुण्यांच्या गाड्या तिकडून. पोकलेनही तिथंच उभा होता. तलावाच्या मध्यावरचा चिखल अजून ओला होता, मशीन रुतलं असतं. म्हणजे पहिलं बकेट पडणार ते जिथं पडू नये तिथंच.

मला हे सगळं दिसत होतं. मला अजून आठवतं की मी घड्याळ बघितलं होतं. साहेबांना बाजूला घेऊन मी म्हणालो, "सर, इथला गाळ खड्ड्यात जायचाय." साहेब म्हणाले, "मग पहिली ट्रॉली खड्ड्यात नेऊन ओततोस? मानाची ट्रॉली? जा, माइकवर सांग तसं."

मी माइकवर गेलो नाही. एका ट्रॉलीनं काय होतंय, असा हिशेब मी मनात केला. मातीत मिसळून जाईल, पाणी पडलं की धुऊन जाईल. असल्या वाक्यांवर परीक्षेत मी कधी मार्क मिळवले नसते.

पण मानाची ट्रॉली एक नसते. वर्गमित्र ट्रॅक्टरवरून ओरडला, "एक कसली? मान पाचाचा आसतोय." आणि वाजंत्री लावून पाच ट्रॉल्या भरल्या.

चाचींना नवीन लुगडं नेसवून आणलं होतं. गळ्यात हार घातला, ट्रॉलीसमोर उभं करून फोटो काढले. पाचही ट्रॉल्या त्यांच्या वाफ्यात रित्या झाल्या. मीच पुढं होऊन गडी लावून तो गाळ पसरायला लावला. गर्दी बांधावर उभी होती. चाचींनी सवयीनं मूठभर गाळ उचलला, दाबला, नाकाशी नेला. "हं" म्हणाल्या नाहीत.

"बेटा, ह्यो वास गाळाचा न्हाय. बॅटरीतल्या पान्यावानी मारतोय."

बांधावर पन्नास माणसं ऐकत होती. मी म्हणालो, "चाची, तलावाचा गाळ आहे हो. अत्तर नाही."

माणसं फसकन हसली. कुणीतरी म्हणालं, "चाची, इंजिनियर झालाय त्यो, आता तुमी शिकवू नगासा." चाचीही हसल्या. हात लुगड्याला पुसायला गेल्या, नवीन लुगडं आहे हे लक्षात आलं आणि तसाच हात धरून उभ्या राहिल्या.

चार दिवसांनी तपासणीचा कागद फोनवर आला. मध्यभागचा गाळ उत्तम. सांडव्याकडचा ठीक. नाल्याजवळच्या नमुन्यात आम्ल आणि जस्त, निकेल, तांबं इतकं होतं की खाली त्यांनी शेरा मारला होता : शेतीस वापरू नये. मी तो कागद पोकलेनच्या सावलीत उभं राहून वाचला आणि तसाच चाचींकडे गेलो.

त्या वाफे बांधून, पाणी देऊन, बी टाकून मोकळ्या झाल्या होत्या. मिरची आणि वांगी, लोकांचं बी. पोत्यानं झाकलेले वाफे दाखवत म्हणाल्या, "तू म्हनलास म्हनून कालच टाकलं. आता बस, भाकरी खा." मी बसलो. भाकरी, कांद्याची चटणी आणि दही खाल्लं. दुसरी भाकरी त्यांनी न विचारताच ताटात टाकली. तीही खाल्ली. आणि हात धुऊन निघून आलो. सांगायचं ते सांगितलं नाही.

बी उगवलं. दोन पानांवर आलं आणि थांबलं. मग पानांच्या कडा तांबूस होऊन आत वळू लागल्या. उपटून बघितलं तर मुळांच्या जागी तपकिरी खुंट, जळक्या काडीसारखे. शेतकरी रोपं न्यायला आले तेव्हा मी तिथंच होतो. दुसऱ्या कामाचं निमित्त काढून गेलो होतो. वाडीचे एक जण वाफ्यावर वाकून म्हणाले, "चाची, रोपं कर म्हनलंतो. ह्यो खराटा कुनाच्या दारात लावू?"

दुसऱ्यानं माझ्याकडं बघत म्हटलं, "मानाचा गाळ लई गोड लागला म्हना की."

"आवं, हंगाम गेला आमचा. बी घरचं हुतं, बापापासनं धरलेलं. ते कुठनं आनायचं आता?"

चाची एकालाही उलटून बोलल्या नाहीत. ही बाई कारकुनाला खिडकीतून वाकवणारी. त्या एवढंच म्हणत होत्या, "चुकलं बाबा. माझ्या हातानं चुकलं." माणसं जयसिंगपूरच्या ट्रेमधल्या रोपांच्या नर्सरीकडं निघून गेली आणि पुढच्या हंगामात परत आली नाहीत.

मग चाचींनी अर्ज दिला. गावातल्या टायपिंगच्या दुकानात लिहून घेतलेला, खाली अंगठा. तो नगरपालिकेतून फिरत माझ्याच टेबलावर आला. पैसे मागितले नव्हते. माझ्या वाफ्यात टाकलेला गाळ उचलून न्यावा आणि त्या जागी तलावाच्या मधला चांगला गाळ टाकावा, एवढंच. अर्जात माझं नाव कुठंही नव्हतं. "प्रकल्पाच्या लोकांनी टाकलेला" असं होतं.

तांत्रिकदृष्ट्या त्या अर्जात एक शब्द चुकीचा नव्हता. मी स्वतः हेच सुचवलं असतं. वरचा थर खरवडून कागद अंथरलेल्या खड्ड्यात टाकायचा, मधला गाळ आणून भरायचा. पोकलेनचं एका दिवसाचं काम, आणि पोकलेन तिथून हाकेच्या अंतरावर उभा होता. मी तसं टिपण लिहून साहेबांकडं नेलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"एक ट्रॉली परत आणलीस की सगळं गाव ट्रॉल्या परत आणील. दोनशे लोकांनी गाळ नेलाय."

"त्यांचा मधला आहे, सर. चांगला आहे. त्यांचा ऊस बघा."

"हे तुला माहीत आहे. त्यांना कुठं माहीत आहे? उद्या पेपरात येईल, तलावाचा गाळ विषारी. पुढच्या चार तलावांची कामं जातील. मग गाळ तिथंच कुजेल, पावसाळ्यात गावं पाण्यात जातील. तुला एका बाईच्या वाफ्यासाठी हे पाहिजे का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि टाकायला सांगितला कुणी? तू. नमुन्याचा कागद आला तेव्हा वाफ्यावर गेलास ना? ट्रॅक्टरवाल्यानं बघितलंय तुला."

पाहणी ठरली. साहेब, नगरपालिकेचे एक अधिकारी, मी, आणि बांधावर नेहमीची माणसं. चाची मेलेली रोपं ओंजळीत घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी पायानं माती उकरली, पट्टी लावली. थर दोन-तीन इंचांचा होता. मग माझ्याकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "थर किती द्यायचा म्हणून सांगितलं होतं तू यांना?"

मी थर मोजून सांगितलाच नव्हता. मी उभा राहून पसरवून घेतला होता, पाचही ट्रॉल्या. बांधावरच्या निम्म्या माणसांनी ते बघितलं होतं.

मी म्हणालो, "एक इंच."

चाचींनी माझ्याकडं बघितलं. मी पट्टीकडं बघत होतो. बांधावरून कुणी खोकलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "काय चाची, यांनी सांगितलं होतं का एक इंच?"

"व्हय," चाची म्हणाल्या. "पोरगं सांगत हुतं. मीच जादा घेतला. म्हातारपनी हाव सुटली."

"मग लिहून घेऊ का तसं?"

"घ्या की. खोटं कशाला सांगू?"

लिहून घेतलं. शाईची डबी माझ्याच बॅगेत होती. त्यांचा अंगठा मी धरला आणि कागदावर टेकवला. त्यांचे हात मातीनं भरलेले होते, त्यामुळं ठसा पहिल्यांदा नीट उठला नाही. दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

गर्दी पांगली तेव्हा वर्गमित्र माझ्या शेजारून जाताना म्हणाला, "भाकरीला लई जागलास गड्या." चाची मागून म्हणाल्या, "जेवून जा." मी गाडी थांबलीय म्हणालो.

त्या वेळी मला वाटलं होतं की चाचींनी मला वाचवलं ते मायेनं. आता तसंही वाटत नाही. मला वाटतं, त्यांना त्या क्षणी कळलं की हा पोरगा आता खरं बोलणार नाही. तो खोटा ठरला तर आपणच त्याला दिलेली सगळी वर्षं खोटी ठरतात. म्हणून त्यांनी सहा गुंठे सोडले. मी त्यांना विचारलेलं नाही. विचारायचा अधिकार मला उरलेला नाही.

तलावाचं काम चांगलं झालं, हे लिहिलं पाहिजे. पाणी वाढलं. ज्यांनी मधला गाळ नेला त्यांच्या रानांतला ऊस अजून सरस आहे. मुलाम्याच्या शेडांचं पाणी नाल्यात येऊ नये म्हणून वेगळा पाट काढला गेला. तीन ढिगांची माझी पद्धत कंपनीनं पुढच्या प्रत्येक कामाला लावली आणि ती बरोबर आहे, असं मी आजही कुणालाही सांगेन. त्या कामाबद्दल कंपनी लोकांना जी पुस्तिका दाखवते, तिच्या मुखपृष्ठावर चाची आहेत. गळ्यात हार, मागं ट्रॉली. मला बढती मिळाली.

चाची आता त्या ट्रेच्या नर्सरीत रोजानं जातात. नारळाचा भुसा ट्रेच्या भोकांत भरायचा, एका जागी बसून. मध्यंतरी त्या रस्त्यानं जाताना मला त्या दिसल्या. दहा-बारा बायका रांगेत बसल्या होत्या, त्यांत शेवटच्या. मुकादम पोरगा त्यांना म्हणत होता, "म्हातारे, बोटं चालीव की, का झोप लागली?" मी गाडी थांबवली नाही.

त्यांच्या अर्जाला उत्तर देणं माझ्याकडं होतं. मसुदा कार्यालयानं केला, सही माझी. मसुद्यात मी एक ओळ माझी घातली होती : या जमिनीत पुन्हा तपासणी होईपर्यंत खाण्याचं काही पिकवू नये. साहेबांनी ती खोडली. त्या ओळीचा अर्थ कुणालाही कळला असता. ती ओळ मी चाचींना नंतर फोनवर सांगितली. त्या म्हणाल्या, "तितं आता खायाचं उगवतंय कुटं बेटा?"

त्यांना वाचता येत नाही. ते पत्र कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं असणार. कुणी, ते मला माहीत नाही. पत्र असं होतं.

प्रति,
अर्जदार, तलावाखालील रोपवाटिका

विषय : शेतात टाकलेला गाळ उचलून नेणेबाबत आपला अर्ज

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या शेताची पाहणी आपल्या समक्ष करण्यात आली आहे. तलावातील गाळ आपणांस आपल्या संमतीने व विनामूल्य देण्यात आला होता. गाळाचा थर एक इंचापेक्षा जास्त देऊ नये, अशी तोंडी सूचना प्रकल्प अभियंता यांनी आपणांस वेळीच दिली होती. सूचना मिळूनही आपण जादा गाळ घेतल्याचे आपण स्वतः पाहणीवेळी मान्य केले असून तसा आपला जबाब अंगठ्यासह दप्तरी आहे.

सबब, रोपांच्या नुकसानीस प्रकल्प जबाबदार धरता येत नाही. शेतकऱ्याने स्वीकारलेला गाळ परत नेण्याची तरतूद प्रकल्पात नाही. आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे.

या विषयावर यापुढे पत्रव्यवहार करू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
प्रकल्प अभियंता